किनारा, कायल आणि घाटमाथा : केरळच्या प्रवासाची शास्त्रीय पूर्वतयारी

भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १० अंशांवर कोची हे बंदर आहे. त्याच्या दक्षिणेस वेंबनाड हा भारतातील सर्वांत लांब सरोवररूप जलाशय पसरला आहे. पूर्वेस मोटारीने सुमारे १३० किलोमीटर गेले असता मुन्नार हे समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरील गाव लागते. मुन्नारजवळचे आनमुडी हे २,६९५ मीटर उंचीचे शिखर हिमालय वगळता दक्षिणेकडील भारतात सर्वोच्च होय. जुन्या बंदरातील गल्ल्यांतून पायी हिंडणे, जलमार्गांतून नौकाप्रवास आणि डोंगरातील पदभ्रमण या तिन्ही गोष्टी येथे एका आठवड्यात साधतात. म्हणून देशाच्या सर्व भागांतून प्रवासी येथे येतात, आणि अलीकडे शाळांच्या सहलीही येतात.

उष्ण कटिबंधात जावयाचे म्हटले की प्रवासी उन्हाची तयारी करतो. टोपी, काळा चष्मा आणि सुती कपडे यांनी पेटी भरते. ही तयारी चुकीची नसली तरी अपुरी आहे. केरळात प्रवाशाची गाठ पडते ती मुख्यतः पाण्याशी. शहरात ते बाष्परूपाने हवेत असते, जलमार्गात ते नौकेखाली असते, आणि डोंगरावर पाऊस, धुके व घाम या रूपांनी ते अंगावरच्या कपड्यांत मुरते. या तीन ठिकाणी पाणी शरीराशी कसे वागते हे एकदा उमगले म्हणजे पेटीत काय ठेवावे आणि दिवसाचा कार्यक्रम कसा आखावा, याची उत्तरे बहुतांशी आपोआप मिळतात.

बत्तीस अंशांचे कोडे

मे महिन्यातील दुपारी नागपुरास पारा ४४ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. त्या उन्हास सरावलेला मनुष्य कोचीस आला आणि तेथील तापमापकात ३२ अंश पाहिले, तर तो निश्चिंत होतो. परंतु दोन तास चालल्यावर त्याचा सदरा पाठीस चिकटतो, डोके जड होते आणि त्याला मळमळू लागते. हे असे का व्हावे?

एक साधा प्रयोग शाळेतही करता येतो. दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याभोवती ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळावी आणि दोहोंना पंख्याने वारा घालावा. पट्टीतील पाण्याचे बाष्पीभवन होऊन ओला तापमापक खाली उतरतो. नागपूरच्या त्या दुपारी कोरडा तापमापक ४४ आणि ओला २४ अंश दाखवील, म्हणजे सापेक्ष आर्द्रता सुमारे शेकडा १८ भरेल. कोचीस कोरडा ३२ आणि ओला २८ दाखवील, तेव्हा आर्द्रता शेकडा ७४ च्या आसपास असेल. नागपुरास ओली वस्तू २० अंशांनी थंड होते, तर कोचीस अवघ्या ४ अंशांनी.

मनुष्याची घामाने भिजलेली त्वचा ही अशीच एक ओली पट्टी आहे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून ओढून घेतो. मात्र तो वाळला पाहिजे. ओघळून जमिनीवर पडलेला घाम काहीच काम करीत नाही. घाम किती वेगाने वाळेल हे त्वचेजवळील बाष्पाचा दाब आणि हवेतील बाष्पाचा दाब यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब सुमारे ५६ मिलिबार असतो. वरच्या उदाहरणात तो नागपूरच्या हवेत सुमारे १६ आणि कोचीच्या हवेत सुमारे ३५ मिलिबार येतो. अर्थात् कोचीस घाम वाळविणारी ओढ नागपूरच्या जवळजवळ निम्मी असते. शरीर त्यावर उपाय म्हणून अधिक घाम गाळते. त्यामुळे पाणी जाते, पण गारवा मिळत नाही.

याचा एक व्यवहार्य अर्थ निघतो. कोरड्या प्रदेशात सावली हा मोठा आधार असतो, तर दमट प्रदेशात वारा. जाड आणि अंगाबरोबर बसणारा कपडा वारा अडवितो, म्हणून सैल व विरळ विणीचा कपडा घालावा. या दृष्टीने केरळातील माणसांचा मुंडू, म्हणजे गुडघ्यापर्यंत दुमडून घेता येणारे धोतरवजा वस्त्र, कोणत्याही तंग विजारीपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे.

शरीर उष्णतेस सरावते, पण त्यास एक ते दोन आठवडे लागतात. सरावल्यावर घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो आणि त्यातील मिठाचे प्रमाण घटते. म्हणून प्रवासापूर्वी दहा-बारा दिवस रोज तासभर अंगास घाम येईल इतके भरभर चालण्याचा परिपाठ ठेवावा. महागड्या सामानाच्या खरेदीपेक्षा या तयारीचा उपयोग कितीतरी अधिक होतो, आणि नेमकी हीच बहुधा राहून जाते.

फोर्ट कोची आणि मट्टंचेरी हे दोन जुने भाग एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरांच्या आत आहेत. सकाळी साडेसहाच्या सुमारास किनाऱ्यावरील चिनी जाळ्यांपासून आरंभ करावा. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी उभारलेले सेंट फ्रान्सिसचे देऊळ पाहून दहाच्या आत मट्टंचेरीस पोहोचावे. पुढील कडक तास राजवाड्यातील भित्तिचित्रे आणि १५६८ मध्ये बांधलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर पाहण्यात, म्हणजे छपराखाली, घालवावेत. चारनंतर समुद्रावरील वारा अंगावर घेत पुन्हा बाहेर पडावे. मराठी वाचकाने मट्टंचेरीत थोडे रेंगाळावे, असे आणखी एक कारण आहे. गोव्याकडून येऊन स्थायिक झालेल्या कोकणी कुटुंबांची येथे शतकांची वस्ती आहे. डच अधिकारी व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे निवेदन देवनागरी अक्षरांत छापलेले आहे.

घाम, मीठ आणि गुलाबी पाणी

दमट किनाऱ्यावर चालताना दर तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाणे ही सामान्य गोष्ट होय. आपला घाम किती जातो हे प्रत्येकास घरीच मोजता येते. तासभर चालण्यापूर्वी आणि चालून आल्यावर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. मधल्या काळात काही प्यायलेले नसेल तर जितके किलो वजन घटले तितके लिटर पाणी गेले. मनुष्यामनुष्यांत हा आकडा फार भिन्न असतो. म्हणून ‘दिवसाला इतके पेले’ असा सरसकट नियम सांगण्यात फारसा अर्थ नाही.

घामाच्या एका लिटरात साधारणतः एक ते तीन ग्रॅम मीठ असते. नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील मीठ विरळ होते. त्याने येणारी डोकेदुखी व भ्रम उष्णतेच्या विकारासारखीच दिसते, आणि मग घाबरून त्या मनुष्यास आणखी पाणी पाजले जाते. यासाठी पिण्याबरोबर खाणेही हवे. मिठाची पेज कोकणातील घराघरांत ठाऊक आहे. केरळात तिला कंजी म्हणतात. दुपारच्या जेवणात ती घेणे हा उत्तम उपाय होय.

जुलाब झाल्यास मात्र साखर-मिठाचे पाणी तत्काळ सुरू करावे. तयार पुडी जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवावा. आतड्याच्या अस्तरातून साखर आत जाताना आपल्याबरोबर मीठ नेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, हे यामागील तत्त्व आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत कालविलेले असे पाणी रुग्णांस पाजण्याची व्यवस्था केली. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे शेकडा ४ च्या खाली आले. जी पुडी प्रवासी पेटीच्या कोपऱ्यात टाकून विसरतो, तिच्यामागे हा इतिहास आहे.

केरळातील खाणावळींत पुष्कळदा फिकट गुलाबी रंगाचे कोमट पाणी पुढे येते. पतंग नावाच्या वृक्षाचे लाकूड घालून उकळल्याने त्यास तो रंग येतो. येथे एक सावधगिरी हवी. पाणी निर्जंतुक होते ते उकळल्याने. रंगाचा त्याच्याशी संबंध नाही. उकळलेल्या रंगीत पाण्यात गार करण्यासाठी नळाचे पाणी मिसळले, तर रंग राहतो आणि उकळण्याचा लाभ जातो. म्हणून पाणी सर्व उकळलेले आहे काय, हे निःसंकोच विचारावे.

नौका का उलटते

समुद्रकाठाने असलेल्या खाऱ्या-गोड्या पाण्याच्या विस्तीर्ण जलाशयांस मल्याळममध्ये कायल म्हणतात. वेंबनाड कायलाच्या दक्षिण बाजूस कुट्टनाड हा प्रदेश आहे. तेथील भातखाचरे समुद्रसपाटीहून खालच्या पातळीवर आहेत. बांधावरून जाणारी नौका शेतकऱ्याच्या डोक्यापेक्षा उंचीवर दिसते. पूर्वी याच पाण्यावरून केट्टुवळ्ळम नावाच्या नौका भाताची वाहतूक करीत. अंजिली नावाच्या रानफणसाच्या जातीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून, लोखंडी खिळा न वापरता त्या बांधीत. आता त्याच घडणीवर खोल्या उभारून प्रवाशांसाठी घरनौका केल्या जातात.

हे पाणी शांत दिसते आणि त्यामुळेच फसविते. मल्याळम महाकवी कुमारन आशान यांचा अंत जानेवारी १९२४ मध्ये पल्लना येथे प्रवासी नौका बुडून झाला. २७ जुलै २००२ रोजी मुहम्माहून कुमरकमकडे निघालेली नौका वेंबनाडात बुडून २९ जण दगावले. त्यांत परीक्षेस निघालेले तरुण पुष्कळ होते. ३० सप्टेंबर २००९ रोजी तेक्कडीच्या पेरियार जलाशयात दुमजली सहलनौका उलटून ४५ माणसे मेली. ७ मे २०२३ रोजी तानूर येथे सहलीचीच नौका उलटली आणि २२ जण गेले. यांपैकी एकही घटना खवळलेल्या समुद्रात घडलेली नाही.

नौका तरंगते म्हणजे ती स्थिर आहे असे नव्हे. नौका किंचित कलली की कललेल्या बाजूचा अधिक भाग पाण्यात बुडतो. त्या बाजूस पाण्याचा वर लोटणारा जोर वाढतो आणि तो नौकेस पुन्हा सरळ करतो. हा जोर उपयोगी पडण्यास भार खाली आणि मध्यावर असला पाहिजे. भार उंच चढला, किंवा कललेल्या बाजूसच सरकला, तर सरळ करणारा जोर अपुरा पडतो. एका मर्यादेपलीकडे तो उलटविण्यासच साहाय्य करू लागतो. वर्गात एक उथळ डबा पाण्यात तरंगत ठेवावा. त्याच्या तळाशी वजने ठेवून तो कलवून पाहावा. नंतर तीच वजने उंच खोक्यावर ठेवून पुन्हा पाहावे. भेद क्षणात दिसतो.

तेक्कडीस वरच्या मजल्यावरील प्रवासी काठावरील वन्य पशू पाहण्यास एका बाजूस धावले. सरासरी ५५ किलो वजनाची ४० माणसे एका कठड्यापाशी गोळा झाली म्हणजे २,२०० किलोंचा भार, तोही उंचावर, मध्यापासून ढळतो. हत्ती दिसला असता उभे न राहणे ही केवळ शिस्तीची बाब नसून पदार्थविज्ञानाची आहे, असे विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावे. नौकेवर ओरडून सांगण्याचा काही उपयोग होत नाही.

कोचीत एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या जल-मेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या नौका जोडहोडीच्या घडणीच्या आहेत. दोन अरुंद तळ एकमेकांपासून दूर असल्याने त्या सहसा कलत नाहीत. इतर नौकांत चढण्यापूर्वी परवान्याचा क्रमांक आणि प्रवाशांची कमाल संख्या कोठे लिहिली आहे ते पाहावे आणि माणसे मोजावीत. संख्या जास्त असेल तर उतरावे. पैसे बुडाले तरी चालतील. बंद काचांच्या दालनापेक्षा उघड्या बाजूंच्या जागी बसावे, आणि मुलांना खालच्या मजल्यावर बसवावे.

तरंगजाकिटाविषयी गैरसमज फार आहेत. मनुष्याचे शरीर जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचे असते. त्यामुळे प्रौढाचे डोके पाण्यावर राहण्यास चार-पाच किलोंचा अधिक आधार मिळाला तरी पुरतो. परंतु जाकिटाचे बंद आवळलेले नसतील तर पाणी जाकिटास वर उचलते आणि मनुष्य त्यातून खाली निसटतो. आसनाखाली रचून ठेवलेले जाकीट तर नसल्यासारखेच. नौका उलटण्यास काही सेकंद लागतात. मुलांस त्यांच्या मापाचेच जाकीट हवे.

वेळेचाही विचार करावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो. मल्याळममध्ये त्यास तुलावर्षम म्हणतात. तेव्हा आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर विजांचा कडकडाट होतो. उघड्या पाण्यावर नौका हीच सर्वांत उंच वस्तू असते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांस एक किलोमीटर धरावा. गडगडाट कानी आला की काठ गाठावा. नौकाप्रवास सकाळी ठेवावा, हे बरे.

एकच सदरा, दोन हवामाने

उंची १,००० मीटरांनी वाढली की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. कोचीस ३२ अंश असताना मुन्नारास २२, आणि २,६४० मीटर उंचीच्या मीसपुलीमलेच्या माथ्यावर १५ च्या आसपास तापमान असावे. रात्री ते आणखी उतरते. जानेवारीतील काही पहाटे मुन्नारच्या परिसरात पारा शून्याशी येतो आणि गवतावर हिमकण दिसतात. कोचीच्या बंदरावरून चार-पाच तासांत मनुष्य या हवेत येतो, तो बहुधा त्याच कपड्यांत.

खाली जो घाम वाळत नव्हता तो वर वाऱ्यात झपाट्याने वाळतो. सुती सदऱ्याने २०० ग्रॅम पाणी धरले आहे असे समजावे. ते वाळण्यास सुमारे ११६ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती बहुतांशी शरीरातूनच जाते. स्वस्थ बसलेला प्रौढ तासाला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. म्हणजे चढून घामाघूम झालेला प्रवासी माथ्यावर वाऱ्यात विसाव्यास बसला, तर दीड तासाची ऊब तो सदरा वाळविण्यात खर्ची पडते. थरथर, अडखळते बोलणे आणि ‘मला काही झाले नाही’ असा हट्ट ही शरीर गारठल्याची लक्षणे आहेत. १५ अंशांतही ती दिसू शकतात.

यासाठी निघण्यापूर्वी आपलेच कपडे तपासावेत. प्रत्येक कपडा कोरडा, भिजवून पिळलेला, आणि सावलीत तीन तास टांगल्यानंतर असा तीनदा तोलावा. सुताचा धागा पाणी आत शोषून घेतो. पॉलिएस्टरचा जवळजवळ घेत नाही. लोकर पाणी शोषते, तरी बरीच ऊब राखते. याचा निष्कर्ष असा की शहरात सैल सुती कपडा सुखाचा, आणि डोंगरावर पातळ कृत्रिम धाग्याचा सदरा व वर पातळ लोकरी स्वेटर. एक कोरडा सदरा आणि मोज्यांचे दोन जोड रबरी वा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावेत आणि माथ्यावर पोहोचताच अंगावरचे बदलावेत. हा जोड चालण्यासाठी कधीही काढू नये. पावसापासून संरक्षणास छत्री शहरात उत्तम. डोंगराच्या धारेवर ती निरुपयोगी ठरते.

पावसाळी जंगलात जळवा असतात. जळू चावताना रक्त गोठू न देणारे द्रव्य सोडते, म्हणून ती गळून पडल्यावरही जखम बराच वेळ वाहते. त्याने भिण्याचे कारण नाही. ती ओढून काढू नये. नख त्वचेलगत सरकवून तिचे तोंड सोडवावे. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि बुटांवर फिरविण्यास मिठाची पुरचुंडी एवढे पुरे.

याहून गंभीर आहेत ते ऋतूंचे धोके. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात सामान्यतः १ जूनच्या सुमारास येतो. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुन्नारजवळील पेट्टिमुडी येथे अतिवृष्टीने दरड कोसळून चहामळ्यातील कामगारांच्या चाळी गाडल्या गेल्या आणि सुमारे ७० माणसे दगावली. उलट टोकाचा धोका कोरड्या महिन्यांत. ११ मार्च २०१८ रोजी याच डोंगररांगेत, तमिळनाडूच्या बाजूस कुरंगणी येथे गवतास वणवा लागून पदभ्रमणास गेलेल्यांपैकी वीसहून अधिक जण मृत्यू पावले. आगीच्या ज्वाला चढावरील गवतास आधीच तापवितात. त्यामुळे वणवा चढावर मनुष्यापेक्षा वेगाने धावतो, आणि वर पळणारा त्याच्या तोंडी जातो. वनखात्याने बंद केलेल्या वाटेने कोणत्याही वाटाड्याबरोबर जाऊ नये, मग तो कितीही अनुभवी असो. इरविकुलम राष्ट्रीय उद्यान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी बंद असते, हेही बेत आखताना ध्यानी घ्यावे. पाऊस ओसरल्यावर, डिसेंबर व जानेवारी हे दोन महिने या मिश्र प्रवासास सर्वांत सोईचे होत.

परतल्यानंतरचा पंधरवडा

कुट्टनाडातील बांध, चिखलाची वाट, साचलेले पाणी यांतून अनवाणी चालण्याचा मोह होतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या अशा पाण्यातून त्वचेवरील लहानशा ओरखड्यावाटे लेप्टोस्पायरा नावाचे सूक्ष्म जंतू शरीरात शिरतात. या रोगास मल्याळममध्ये एलिप्पनी, म्हणजे उंदीरताप म्हणतात. पायास जखम असल्यास ती जलरोधक पट्टीने झाकावी व पाण्यात उतरू नये. उतरणे अपरिहार्य असल्यास प्रतिबंधक औषधाविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. म्हणून केवळ रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबू नये. सकाळी व सायंकाळी हातपाय झाकावेत.

उंदीरताप बहुधा संसर्गानंतर पाच ते चौदा दिवसांनी दिसू लागतो. कधीकधी महिनाही लागतो. तोवर प्रवासी पुण्यास, इंदुरास किंवा दिल्लीस आपल्या घरी पोहोचलेला असतो, आणि तेथील डॉक्टर साध्या तापाचे औषध देतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांची लाली दिसताच डॉक्टरांकडे जावे, आणि आपण केरळात कोणत्या तारखांना कोठे पाण्यात व चिखलात चाललो, हे त्यांनी विचारण्यापूर्वीच त्यांना सांगावे.